कोरडा शिधा

आई, तुला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांनी मला तुझ्यावर राग काढायचा आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे तूच शिकवलंस आणि मी ते इमानानं पाळलं. तुझ्या तिथीला येणाऱ्या प्रत्येकाला तू किती मायाळू होतीस हेच सांगत आले. पण मागच्या महिन्यात या घरात जे झालं त्यानंतर माझ्या तोंडून तुझं कौतुक निघेना. भाजी निवडताना, रिक्षात बसल्या बसल्या, मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडत असते. परवा वर्गात एका मुलीवर उगाच ओरडले, बिचारीनं फक्त खिडकी उघडू का म्हणून विचारलं होतं. तेव्हा ठरवलं, जे बोलायचं ते एकदा तुलाच बोलून टाकावं.

आपण सावेडीत राहायला आलो तेव्हा इथं नुसता माळ होता. आप्पा एसटीत ड्रायव्हर, पाथर्डीच्या गाडीवर. त्यांनी हे घर बांधलं तेव्हा आसपास फार तर चार घरं, आणि आपल्या भिंतीला लागून मावशींचं, तेही भाड्याचं. मावशी जामखेडकडच्या, दवाखान्यात नर्स, ख्रिस्ती. नवरा पुढं लवकरच गेला, मूलबाळ नाही. तू त्यांना नर्सबाई म्हणायचीस, दादा आणि मी मावशी. त्यांच्या आज्यानं कधीतरी धर्म बदललेला, पण त्याआधी ते घराणं गावात कुठल्या बाजूला राहत होतं हे तू पहिल्या आठवड्यातच काढून घेतलं होतंस. कसं काढलंस कोण जाणे. या बाबतीत तुझ्या हाताला यश होतं.

पहिल्या नाताळात मावशी ताट भरून फराळ घेऊन आल्या. करंज्या, चकल्या, अनारसे, वर क्रोशानं विणलेला रुमाल. तू दारातच ताट घेतलंस, हसलीस, 'एवढा तरास कशाला घेतला' म्हणालीस, आणि त्यांची पाठ वळल्यावर ते सगळं एका टोपलीत ओतून दादाला आणि मला कोपऱ्यावरच्या गोठ्यात पिटाळलंस. 'गाईला घाला. गाईच्या तोंडी गेलं म्हंजी अन्नाचा अपमान हुत न्हाई.' दादानं हळूच एक करंजी उचलली तर त्याच्या हातावर चापट मारलीस. गाय करंज्या खात होती आणि त्याच रस्त्यानं मावशी ड्युटीवर निघालेल्या. पांढरी साडी, खांद्याला पिशवी. त्या थांबल्या. टोपलीकडे पाहिलं, आम्हा दोघांकडे पाहिलं. 'गाय नशिबाची हाय की रं,' एवढंच म्हणाल्या, दादाच्या केसांतून हात फिरवला आणि गेल्या. दादा त्या दिवशी जेवला नाही हे मला आठवतं. तुला वाटलं त्याचं पोट बिघडलं.

पुढच्या नाताळात तेच ताट आलं, तोच रुमाल. रुमालाखाली मात्र रवा, साखर, सुकं खोबरं आणि वेलदोड्यांची पुडी. कोरडा शिधा. आपल्या हातचं शिजवलेलं यांना चालत नाही, कोरडं चालतं, हे मावशींना कुणी वेगळं शिकवायची गरज नव्हती. त्यांच्या आज्या-पणज्यांपासून ते त्यांना पाठ असणार. तू रुमाल उचललास आणि तुझा चेहरा खुलला. 'नर्सबाईला कळतं हो,' म्हणालीस. मग त्यांच्याच रव्याच्या, त्यांच्याच खोबऱ्याच्या करंज्या केल्यास आणि माझ्या हाती त्यातल्या दहा-बारा त्यांना पाठवल्यास. त्यांनी माझ्यासमोर एक खाल्ली आणि आईला सांग, झकास झाल्यात, म्हणाल्या. त्यानंतर दर नाताळात शिधा आला आणि दर नाताळात तुझं तेच वाक्य. ते आठवलं की आता माझं डोकं फिरतं. काय कळत होतं त्यांना, आई? आपलं केलेलं जनावरापुढे टाकतात हे कळत होतं. तरी शेजार तुटू नये म्हणून आपणच वाकायचं, एवढं त्यांना कळत होतं. आणि ते वाकणं तू त्यांचा शहाणपणा म्हणून मिरवलंस.

तू दुष्ट असतीस तर मला सोपं गेलं असतं. मावशींचा नवरा गेला तेव्हा त्यांच्यात तेरा दिवस नसतात हे माहीत असूनही तू तेरा दिवस दोन्ही वेळचा डबा पाठवलास. तुमच्या दोघींचं दुपारचं बसणं आपल्या ओसरीवर असायचं. तू तांदूळ निवडायचीस, त्या स्वेटर विणायच्या, आणि आप्पांच्या दारूवर तू जे कुणापाशी बोलली नाहीस ते त्यांच्यापाशी बोलायचीस. पण त्यांची खुर्ची ठरलेली, ओसरीच्या कडेची, आणि त्या उठून गेल्या की तू ती ओल्या फडक्यानं पुसायचीस. सवयीनं, गाणं गुणगुणत पुसायचीस. मला टायफॉइड झाला तेव्हा त्याच बाईंनी मला इंजेक्शनं दिली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. तेव्हा त्यांचे हात तुला चालले. बरी झाल्यावर मी त्यांच्या घरी माठातलं पाणी प्यायले तर तू मला मोरीत नेऊन डोक्यावरून आंघोळ घातलीस आणि संध्याकाळपर्यंत बोलली नाहीस. रात्री जेवताना म्हणालीस, 'त्या वाईट हायेत असं कुणी म्हनलं का? न्हाईतच. पन ज्यानं त्यानं आपापल्या जागी असावं.' दादा समोर बसलेला. मान डोलावत होता. तुझं वाक्य त्यानं तिथंच गिळलं ते अजून त्याच्या पोटात आहे.

आता मागच्या महिन्याचं सांगते. मावशी ऐंशीच्या घरात आल्यात. गुडघे गेलेत, बाकी खणखणीत. त्यांच्या घरमालकानं जागा बिल्डरला दिली आणि त्यांना खोली बघायची वेळ आली. मी त्यांच्याबरोबर हिंडले म्हणून मला कळलं. जिना चढवत नाही म्हणून तळमजला हवा, एकट्या बाईला दोन खोल्या पुष्कळ. सगळीकडे आधी गोड बोलणं. मग नाव. मग आडनाव. मग 'नॉनव्हेज करता का' हा प्रश्न, आणि विचारणाऱ्याच्या मागे फ्रिजवर अंड्यांचा ट्रे. मग 'अरेरे, कालच दिली हो खोली.' एका बंगल्यात तर कालच दिलेल्या खोलीला आजही टू-लेटची पाटी होती. मावशी रिक्षात बसताना म्हणाल्या, 'जाऊ दे. त्यांची बी काहीतरी अडचन असंल.' मला त्यांचाही राग आला. माणसानं किती समजून घ्यावं याला काही सुमार?

आणि इकडे आपला तळमजला रिकामा. मी वर राहते, खाली तुझ्या दोन खोल्या आणि तुझं स्वयंपाकघर. दादाची मुलं कॉलेजला होती तोवर राहिली, मग कुलूप. घर दोघांच्या नावावर, म्हणून पाथर्डीला शेती बघणाऱ्या दादाला फोन केला. तो आधी हूं हूं करत राहिला. मग म्हणाला, 'वरच्या खोलीत ठेव की.' मी म्हटलं, 'त्यांना जिना चढवत नाही.' तर म्हणाला, 'आगं, आईचा वटा हाय तो. आईनं जल्मभर त्यांच्या हातचं पानी घेतलं न्हाई, आन तिच्या वट्यावर त्या शिजवनार? आईच्या जिवाला काय वाटंल?' मी म्हटलं, 'आई नाही आता.' तर म्हणाला, 'म्हनून तर आपन बघायचं.' दादा वाईट माणूस नाही, आई. मागच्या दुष्काळात त्यानं आपल्या विहिरीचं पाणी सगळ्या वस्तीला सोडलं. पण तुझं नाव निघालं की त्याचं दार बंद होतं. तुझ्या नावाचं कुलूप, आणि किल्ली तू बरोबर घेऊन गेलीस. मी त्याच्या होकाराची वाट पाहिली नाही. रविवारी चर्चहून आलेल्या मावशींच्या हातात किल्ली ठेवली आणि शाळेच्या शिपायाला घेऊन सामान आत लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडते तर जिन्याच्या वरच्या पायरीवर ताट. क्रोशाचा रुमाल. खाली तांदूळ, तूरडाळ, गुळाचा खडा. गुडघे गेलेली बाई ते ताट घेऊन जिना चढून आली होती. मी ते उचललं आणि तशीच खाली गेले. 'मावशी, हे काय?' तर त्या स्टोव्हपाशी उभ्या, म्हणाल्या, 'घरात आले, कायतरी गोड द्यावं म्हनून.' मी म्हटलं, 'मग शिजवून का नाही दिलंत?' त्या पुन्हा स्टोव्हकडे वळल्या. मग मी जे बोलू नये ते बोलले. म्हटलं, 'माझ्या आईनं तुम्हाला आयुष्यभर दारात उभं केलं, तुमचं अन्न गाईला घातलं, आणि तुम्ही अजून तिचाच नियम पाळताय? तिच्या मागे तिच्याच घरात?' तेव्हा मावशी चिडल्या. मी त्यांना चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, 'आईला बोलू नको. ती जेवलीय माझ्या हातचं. हितंच. ह्याच वट्यावरचं.'

तुला ठाऊक आहे त्या काय म्हणत होत्या. मला ठाऊक नव्हतं. तुझ्या शेवटच्या आजारात मी दुपारी शाळेत, दादा शेतावर, आणि मावशी रिटायर झालेल्या म्हणून तुझ्यापाशी बसायच्या. तुझ्या पोटात काही टिकत नव्हतं. मी सकाळी करून ठेवलेलं तसंच पडायचं, दादाची बायको गावाहून डबा करून पाठवायची तोही तसाच. एके दुपारी तू मावशींना म्हणालीस, 'नर्सबाई, मला पेज करून घाला. तुमच्या हातची.' मावशी म्हणाल्या, 'मुलीला सांगते, संध्याकाळी करंल.' तू म्हणालीस, 'तुमच्या हातची म्हनले ना.' मग त्यांनी तुझ्या ओट्यावर तुझ्या पातेल्यात तांदळाची पेज केली आणि चमच्यानं तुला भरवली, आणि तू वाटीभर प्यायलीस. त्यानंतर रोज. तुझ्या जाण्यापर्यंत रोज दुपारी. त्या दिवसांत डॉक्टर म्हणाले होते की यांच्या पोटात काहीतरी जातंय, आजाराला उतार पडलाय, आणि दादा आणि मी त्याचं श्रेय नव्या औषधाला दिलं होतं. मावशी म्हणाल्या, तू त्यांचा हात धरून रडलीस. म्हणालीस, 'त्या करंज्या मी गाईला घातल्या हुत्या.' मावशी म्हणाल्या, 'मला म्हाईत हाय.' आणि मग तू म्हणालीस, 'पोरांला सांगू नका. तेंला न्हाई सोसायचं.' त्यांनी शब्द दिला.

आई, आम्हाला सोसलं नसतं असं तुला वाटलं? दादाला नसतं सोसलं, थोडे दिवस. त्यानं आदळआपट केली असती, मग तुझ्या उशाशी बसून तीच पेज तुला भरवली असती. तू त्याला एक वाक्य बोलायचं होतंस. 'नर्सबाईच्या हातचं मी खाते.' एवढंच. जे वाक्य तू रात्रीच्या जेवणावर आम्हा दोघांच्या गळी उतरवलंस ते परत घ्यायला तुझ्याकडे कितीतरी दुपारी होत्या आणि तू त्या गप्प राहण्यात घालवल्यास. चापट मारलीस ती सगळ्यांसमोर, आणि माफी मागितलीस ती दार लावून. आमच्यासाठी भिंत जशीच्या तशी ठेवलीस आणि स्वतः रोज दुपारी पलीकडे जाऊन जेवून आलीस. तुझा मुलगा अजून त्या भिंतीवर पहारा देतोय, तुझ्या जिवाला काय वाटेल म्हणून. तुझ्या जिवाला पेज गोड लागली होती हे त्याला कुणी सांगायचं?

मी सांगितलं. मावशी खाली राहायला आल्याचं दादाला कुणाकडून तरी कळलंच होतं, तो गुरुवारी दुपारच्या पाथर्डी गाडीनं आला. तुझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहिला, आत येईना. मावशींनी खुर्ची सरकवली, बसेना. मग मावशींनी काय केलं असेल? फडताळातून गुळाची ढेप काढली, कागदात बांधली आणि त्याच्या हातात दिली. 'पोरांसाठी ने.' दादानं ती घेतली, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, 'बघ. त्यांला कळतं.' अगदी तुझा आवाज, आई. मग मला राहवलं नाही. पेजेचं सगळं सांगितलं. दादा ऐकत होता, त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो मावशींना म्हणाला, 'मावशी, ही म्हनती ते खरं हाय व्हय?' मावशींनी पदरानं ओटा पुसला. पुसतच राहिल्या. मग म्हणाल्या, 'न्हाई रे बाळा. औषीद द्यायचे मी. तेवढंच.'

दादा मला म्हणाला, 'मेलेल्या आईवर आळ घेतीस? लाज वाटू दे जरा.' आणि निघून गेला. गूळ मात्र घेऊन गेला. मी मावशींवर ओरडले, 'खोटं का बोललात? तो तुम्हाला या घरातून काढायला आला होता.' त्या म्हणाल्या, 'तुझ्यापाशी एकदा तोंडातून गेलं, तेच चुकलं. तिला शब्द दिला हुता. शेजारनीचा शब्द हाय.' स्वतःचं छप्पर जायची वेळ आली तरी त्यांनी तुझी झाकली मूठ उघडली नाही. सांग आता, तुम्हा दोघींत शेजारीण कोण होती? तू तेरा दिवस डबा पाठवलास म्हणून तुझं नाव गल्लीत अजून निघतं. यांचं नाव कुणी काढणार नाही, कारण यांनी केलेलं तू लपवून ठेवायला लावलंस. मला तुझा राग येतो, आई. पुन्हा पुन्हा येतो, आणि तो कुठं ठेवायचा ते कळत नाही.

काल दादाचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. बाजरीला भाव नाही, धाकट्याला नोकरीचा कॉल आला, पाथर्डीच्या स्टँडवर नवीन फरशी टाकली. मावशींचं काही बोलला नाही, खोली सोडायचंही बोलला नाही. मी वाट बघत होते. मग एकदम म्हणाला, 'पेज कशाची हुती?' मी म्हटलं, 'तांदळाची.' पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, 'तांदळाचीच लागायची तिला. ज्वारीची न्हाई चालायची.' आणि फोन ठेवला. यातून काय निघेल मला माहीत नाही. तो पुन्हा आला तर उंबऱ्याच्या आत येईल की नाही हेही माहीत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्न नाही, तुला पत्ता नाही. मावशींना वाचून दाखवावं असं मनात आलं होतं, पण आईला असं बोलतात का म्हणून त्या मलाच झापतील. तेव्हा हे माझ्यापाशीच राहू दे. फक्त एक सांगायचं राहिलं. फोननंतर मी खाली गेले आणि मावशींना म्हटलं, आईला करायचात ती पेज मला करा. त्यांनी तुझ्याच पातेल्यात केली, वाटीत वाढली, समोर ठेवली. पेज अळणी होती. तुला बीपी म्हणून त्या मीठ नावापुरतं घालायच्या, तो हात अजून तसाच राहिलाय. मिठाची बरणी माझ्या हाताशी होती. मी मीठ घेतलं नाही, आई. तुझ्यासाठी केली होती तशीच प्यायले, आणि तेवढ्यापुरता मला तुझा राग आला नाही.